लिस्बन पहिल्यांदा पाहताना: चढ-उतार, रांगा आणि सोमवार सांभाळून केलेला चार दिवसांचा बेत

लिस्बनला जायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे ‘बघण्यासारख्या पंचवीस ठिकाणां’ची यादी होती आणि सोबत गुडघेदुखी असलेली आई. पहिल्या दिवशी आम्ही यादीप्रमाणे फिरलो. सकाळी टेकडीवर, दुपारी शहराच्या पश्चिम टोकाला, संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या टेकडीवर. रात्री आईला जिना चढवेना. त्यात तो सोमवार होता, म्हणून जिथे गेलो तिथलं मुख्य दारही बंद होतं. दुसऱ्या दिवशी यादी बाजूला ठेवली आणि शहराचे भाग पाडले: एका दिवशी एक भाग, वर जायचं ते लिफ्टने किंवा बसने आणि उतरायचं ते पायी. मग लिस्बन खरंच आवडलं, इतकं की पुन्हा जायची इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. गोवा, वसई, चौल, रेवदंडा, कोर्लई ही नावं ज्यांच्या ओळखीची आहेत, त्यांना हे शहर इतर प्रवाशांपेक्षा वेगळं दिसतं. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या गोष्टी इथे दगडात, सोन्यात आणि जेवणाच्या ताटात सापडतात. त्या कुठे शोधायच्या तेही खाली लिहिलं आहे.

१. व्हिसा आणि कागदपत्रं

पोर्तुगाल शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतं. पर्यटकाला १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण कधी ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतात. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून मे महिन्याचा प्रवास असेल तर फेब्रुवारीतच हालचाल सुरू करा.

सोबत लागणारे कागद:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी असलेला
- भरलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण आणि सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचं आरक्षण
- निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- कोणत्या दिवशी कुठे असाल याचं एक पानी वेळापत्रक

मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विम्याच्या तारखा नीट जुळवा. उतरण्याचा दिवस आणि परतीचा दिवस, दोन्ही त्यात हवेत. अर्ज अडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मुक्कामाची एखादी रात्र आरक्षणात सुटलेली असते.

२. कधी जायचं, बॅगेत काय घ्यायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असतं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे. १२ जूनच्या रात्री संत आंतोनीची जत्रा असते. ११९५च्या सुमारास लिस्बनमध्येच जन्मलेले हे संत, वसई-गोव्याकडच्या घराघरांत ओळखीचे. त्या रात्री आल्फामा या टेकडीच्या उतारावरच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत सार्डिन मासे भाजतात आणि पाय ठेवायला जागा नसते. जत्रा हवी असेल तर मुद्दाम जा, शांतता हवी असेल तर ती तारीख टाळा.

बूट सगळ्यात महत्त्वाचे. इथले पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडी तुकड्यांचे असतात. वर्षानुवर्षं पायांनी घासून ते गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात भयंकर निसरडे होतात. तळव्याला पकड असलेले, आधी वापरून सैल झालेले बूट घ्या. समुद्राकडून वारा येतो, त्यामुळे मे महिन्यातही संध्याकाळी जाकीट लागतं.

३. विमानतळ ते खोली

मुंबईहून जाताना दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलावं लागतं. लिस्बनचा विमानतळ शहराला अगदी लागून आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका तिथूनच सुटते. आलामेदा स्थानकात हिरव्या मार्गिकेवर बदललं की रॉसियु किंवा बायशा-शियादु, म्हणजे जुन्या शहराचं मधलं अंग.

मेट्रोच्या यंत्रातून ‘नावेगांत’ नावाचं कार्ड घ्या. कार्डाचे अर्धा युरो, मग त्यात पैसे भरायचे. पैसे भरण्याच्या ज्या प्रकाराला ‘झॅपिंग’ म्हणतात तो निवडा. तेच कार्ड मेट्रो, ट्राम, बस आणि उपनगरी गाडीला चालतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाचं वेगळं घ्या. ट्राममध्ये चढून चालकाकडून तिकीट काढलं तर कार्डाच्या दुपटीच्या आसपास पैसे जातात.

खोली निवडताना नकाशावरचं अंतर पाहू नका, चढ पाहा. ‘रॉसियुपासून ४०० मीटर’ म्हणजे कधी कधी १२० पायऱ्या असतात. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, तेही आधी विचारा. ज्येष्ठ सोबत असतील तर बायशाचा सपाट भाग घ्या, आल्फामा नको. मुक्कामावर माणशी दर रात्री ४ युरो पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. १३ वर्षांखालच्या मुलांना तो नाही.

आणि उच्चार. पोर्तुगीज लिहितात एक आणि बोलतात दुसरं. शब्दाच्या शेवटचा ‘स’ इथे ‘श’ होतो, शेवटचा ‘ओ’ बहुतेक वेळा ‘उ’. म्हणून टॅक्सीवाल्याला ठिकाणाचं नाव सांगण्याऐवजी लिहिलेलं दाखवा.

४. पहिला दिवस: बेलें

बेलें शहराच्या पश्चिमेला, तेजु नदी समुद्राला मिळते त्या बाजूला आहे. जमीन सपाट, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर पहिला पूर्ण दिवस इथेच घालवा, फक्त तो सोमवार नको. कायश दु सोद्रे स्थानकातून गाडी काही मिनिटांत पोचवते. १५ नंबरची ट्रामही जाते, पण ती खचाखच भरते.

जेरोनिमुस मठ साडेनऊच्या सुमारास उघडतो. आतल्या चौकाचं तिकीट वेळेसह आधीच ऑनलाइन काढा आणि पहिली वेळ घ्या. राजा मानुएल पहिला याच्या काळात, १५०१च्या सुमारास, बांधकाम सुरू झालं आणि जवळपास शंभर वर्षं चाललं. पैसा आला तो मुख्यतः पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेली मिरी या दगडात आहे, असं म्हटलं तर ते अलंकारिक नाही, हिशेबाच्या वहीतलं आहे. चौकाच्या कमानींवर जहाजाचे दोर, गाठी, वेली आणि समुद्री जीव कोरले आहेत. निदान एक तास द्या आणि दोन्ही मजले फिरा.

मठाला लागून असलेल्या चर्चची रांग वेगळी असते आणि प्रवेश फुकट असतो. प्रार्थनेच्या वेळी मात्र पर्यटकांना आत सोडत नाहीत. आत शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर आहे, समोरच्या बाजूला कवी लुईश द कामोंइश याची. वास्को १५२४ साली कोचीत वारला आणि आधी तिथेच पुरला गेला. त्याचे अवशेष १५३९मध्ये पोर्तुगालला नेले आणि १८८०मध्ये या चर्चमध्ये आणले. कामोंइशने १५५३पासून काही वर्षं गोव्यात काढली होती. बहुतेक लोक या दोन कबरींचे फोटो काढून परत फिरतात. तुम्ही वेदीपर्यंत जा. तिथे राजघराण्याच्या कबरी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. युरोपातल्या चर्चमध्ये राजा हत्तीवर विसावलेला पाहून आई बराच वेळ तिथून हलली नाही.

तिथून रस्ता आणि रूळ यांच्याखालच्या भुयारी वाटेने नदीकाठी या. समोर पन्नास मीटरहून उंच शोधयात्रांचं स्मारक आहे. मूळ स्मारक १९४०च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, आजचं पक्कं बांधकाम १९६०चं. दगडी गलबताच्या दोन्ही कडांना माणसांच्या ओळी आहेत. त्यांत वास्को द गामा, गोवा जिंकणारा आफोंसु द आल्बुकेर्क आणि संत फ्रान्सिस झेवियरही आहेत. वर जायला लिफ्ट आहे. खालच्या फरशीवर जगाचा मोठा नकाशा आहे आणि त्यावर पोर्तुगीज जहाजं कुठे कधी पोचली त्यांची सालं. आपला किनारा शोधा. स्मारक गौरवासाठी बांधलं आहे आणि जिंकले गेलेल्यांची बाजू तिथे कुठेच लिहिलेली नाही. ती बाजू आपण सोबत घेऊन जायची असते.

नदीकाठाने पश्चिमेकडे पंधरा मिनिटं चाललं की बेलेंचा बुरूज येतो. १५१४ ते १५२०च्या दरम्यान बांधलेला, फ्रान्सिश्कु द आर्रुदा या स्थपतीच्या हाताखाली. आतला जिना फार अरुंद आहे, रांग मोठी असते आणि दुरुस्तीसाठी बुरूज बंदही असू शकतो. माझं मत विचाराल तर आत न गेल्याने फारसं काही हुकत नाही. बाहेरून मात्र एक गोष्ट नक्की शोधा: पश्चिमेकडच्या एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं.

तो गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने तो आल्बुकेर्कला भेट दिला, आल्बुकेर्कने गोव्याहून राजा मानुएलकडे रवाना केला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. शेकडो वर्षांत युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळून गेला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने प्रत्यक्ष न पाहता, नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं आणि ते जगभर गेलं. पुढे राजाने तो पोपला पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो जीवही बुडाला. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने आता त्याचा चेहरा जवळजवळ पुसला आहे.

परतताना मठाजवळचं निळ्या कापडी छपराचं दुकान, पाश्तेइश द बेलें. १८३७पासून इथे अंड्याच्या बलकाची ती प्रसिद्ध गोड पेस्ट्री मिळते. दारातली लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला अनेक खोल्या आहेत, तिथे बरेचदा लवकर जागा मिळते. वर दालचिनी भुरभुरून गरम खा. शहरात इतरत्र याच प्रकाराला ‘पाश्तेल द नाता’ म्हणतात. अंडं न खाणाऱ्यांना हा पदार्थ चालणार नाही.

५. दुसरा दिवस: बायशा, कार्मु आणि नदीकाठचा चौक

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाला चर्च भरलेली असताना, लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. मग नदीतून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग अनेक दिवस आग चालली. मार्केश द पोंबाल या मंत्र्याने शहर नव्याने आखलं. बायशाचे सरळ रस्ते त्याचेच. इथल्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला गेला, म्हणजे पुढच्या भूकंपात घर हलेल पण कोसळणार नाही.

हा भाग बघायचा तर आधी कार्मु मठाचे अवशेष पाहा. भूकंपात पडलेलं छप्पर पुन्हा बांधलंच नाही. उघड्या आकाशाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. रविवारी बंद असतं.

शेजारीच १९०२ची लोखंडी सांता जुश्ता लिफ्ट. खालून वर जायला तासभर रांग लागते आणि ती एका सापळ्यासारखीच आहे, कारण कार्मुच्या चौकातून चालत गेलं तर लिफ्टच्या वरच्या पुलापर्यंत फुकट पोचता येतं. मेट्रोच्या बायशा-शियादु स्थानकातले सरकते जिनेही बायशातून थेट वर शियादुला नेतात. सप्टेंबर २०२५मध्ये ग्लोरिया या उतरणीवरच्या रेल्वेला भीषण अपघात झाला, त्यात १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर अशा जुन्या वाहनांची सेवा थांबवून तपासणी झाली. त्यामुळे त्यांच्यावर बेत आखू नका, चालू असतील तर बसा.

संध्याकाळी नदीकाठचा चौक, प्रासा दु कोमेर्सियु. तीन बाजूंनी पिवळ्या कमानी, चौथ्या बाजूला नदी. भूकंपापूर्वी इथे राजवाडा होता आणि भारताशी चालणाऱ्या व्यापाराची सगळी वखार-कचेरी, ‘कासा दा इंदिया’, इथेच होती. दोन्ही नष्ट झाले. मधल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर एक हत्ती आहे, तो चुकवू नका.

या भागात उन्हाचे चष्मे विकणारी माणसं जवळ येऊन हळू आवाजात अमली पदार्थ देऊ करतात. मान हलवून चालत राहा, थांबू नका.

६. तिसरा दिवस: किल्ला आणि आल्फामा

चढ लिफ्टने संपवायचा. बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. वर आलात की थोडं पुढे सुपरमार्केट असलेल्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही मिळून अर्ध्याहून जास्त टेकडी संपते. किंवा प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापर्यंत जाते. आईसोबत आम्ही बस घेतली.

साओ जोर्ज किल्ला ११४७ साली आफोंसु एन्रिकेश या राजाने मूरांकडून, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून जिंकला. तटावरून सगळं शहर दिसतं, आत मोर फिरत असतात. तटाच्या पायऱ्यांना कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. खरं सांगायचं तर सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला बांधकामाचं फार कौतुक वाटणार नाही. इथे यायचं ते दृश्यासाठी.

मग उतार. पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया या दोन सज्जांवर थांबा. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्समध्ये भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक रंगवलेला आहे. आदल्या दिवशी तुम्ही पाहिलेला तोच चौक, पण राजवाड्यासह. तिथून खाली आल्फामा. या गल्ल्यांत नकाशा बंद ठेवा. सतत उतरत राहिलं की नदी येतेच.

मंगळवारी किंवा शनिवारी आलात तर काँपु द सांता क्लारा इथे जुना बाजार भरतो. त्याच्या शेजारी पांढऱ्या घुमटाचं राष्ट्रीय पंथेऑन, म्हणजे देशातल्या थोरांच्या कबरी असलेलं सांता एंग्रासियाचं चर्च. या चर्चचं काम १६८२ला सुरू झालं आणि १९६६ला संपलं. कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीजमध्ये ‘सांता एंग्रासियाचं काम’ म्हणतात, ते यावरूनच.

२८ नंबरची ट्राम सगळ्यांना हवी असते. मार्तीं मोनीजच्या थांब्यावर दहा वाजता गेलात तर उभं राहून उन्हात वेळ जाईल. आठच्या आधी जा किंवा उलट्या टोकाहून, काँपु द ओरीकहून चढा. पाकीटमारांचं हे आवडतं ठिकाण आहे. पिशवी पोटावर, फोन आतल्या खिशात. दारात मुद्दाम ढकलाढकली झाली तर आधी खिसा धरा.

रात्री ‘फादु’, म्हणजे इथलं पारंपरिक करुण गाणं, ऐकायचं असेल तर आधी जागा राखून ठेवा. गाणं चालू असताना बोलत नाहीत, काटे-चमचेही थांबवतात. शब्द न कळताही आईचे डोळे भरून आले होते.

७. एक दिवस जास्त असेल तर

प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात १५०६ची बेलेंची कुश्तोदिया, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर ठेवून दाखवण्याचं सोन्याचं पात्र आहे. वास्को द गामाने दुसऱ्या सफरीहून आणलेल्या, पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या खंडणीच्या सोन्यातून ती घडवली. त्याच इमारतीत गोव्याकडच्या कारागिरांच्या हातचं काम पाहायला मिळतं. आल्कांतारातलं पौर्वात्य संग्रहालय २००८ला उघडलं, खारवलेल्या माशांच्या जुन्या गोदामात. माझ्या मते बुरुजाच्या रांगेत घालवलेल्या दोन तासांपेक्षा इथले दोन तास कितीतरी मोलाचे.

‘महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्रहालयं फुकट’ ही जुनी माहिती अजून फिरते. फुकट प्रवेशाची सवलत आता पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. लिश्बोआ कार्ड (वाहनं आणि बऱ्याच ठिकाणांचा प्रवेश यांचा पर्यटकांसाठीचा एकत्र पास) घेणार असाल तर लक्षात ठेवा, ते २४, ४८ किंवा ७२ तासांचं असतं आणि पहिल्या वापरापासून तास मोजतात. बेलें आणि चौथ्या दिवसाचं सिंत्रा हे दोन्ही त्या तासांत बसत असतील तरच परवडतं.

८. जेवण

हॉटेलात बसताच पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, पैसे लागत नाहीत.

शाकाहाऱ्यांनी ‘से कार्न, से पेश’ म्हणजे ‘मांस नको, मासा नको’ हे लिहून ठेवावं. भाजीचं दिसणारं हिरवं सूप, काल्दु व्हेर्द, त्यात डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा असतो. काही बेकऱ्यांत पेस्ट्रीला डुकराची चरबी वापरतात, विचारून घ्या. कॅफेच्या काचेत ‘शामुसा’ दिसेल, तो आपला समोसाच. आत बहुधा खिमा असतो. मार्तीं मोनीजच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं भरपूर आहेत, तिथे वरण-भाताची सोय होते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

बाजारात फिरताना पाट्या वाचा. बटाटा म्हणजे बटाटाच, अननस म्हणजे अननसच, काजूला काजूच आणि हॉटेलच्या स्वागतकक्षात मागायची ती ‘शाव्ह’ म्हणजे आपली चावी. बेकरीतला ‘पाउं’ तर सांगायलाच नको.

कार्ड यंत्रावर ‘रुपयांत की युरोंत’ असं विचारलं तर नेहमी युरो निवडा. रुपयांचा दर महाग पडतो.

९. चौथा दिवस, शक्यतो सोमवार: सिंत्रा

बेलेंचा मठ आणि बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असली तरी सिंत्राचा पेना राजवाडा उघडा असतो. म्हणून सोमवार सिंत्रासाठी राखा. रॉसियु स्थानकातून गाडी साधारण चाळीस मिनिटांत पोचवते आणि तिथून ४३४ नंबरची बस डोंगरावर जाते.

सिंत्राच्या डोंगरात पोर्तुगीज भारताचा व्हाइसरॉय झालेल्या जुआंव द काश्त्रु याची वाडी आहे. घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन लिहून ठेवणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी तो एक. त्याच काळात घारापुरीचा एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून राजाकडे पाठवला, तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे हरवला. वाडी पर्यटकांना खुली नाही, पण बसमधून त्या झाडीकडे पाहताना मला तो दगड आठवत राहिला.

पेनाच्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या आतल्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे आणि दारातही रांग असते. उशिरा पोचलात तर आत सोडत नाहीत. म्हणून तिकीट दहाचं असेल तर नऊलाच फाटकावर असा, आणि गुडघेदुखी असेल तर फाटकापासून वर जाणाऱ्या छोट्या बसचं तिकीटही त्याच वेळी काढा.